गच्चीवरचा साल्सा

मला स्वयंपाकातलं काहीच येत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मला करपवता येतं. दूध, पाव, अंडी, जे म्हणाल ते. एकदा मी चहाचं आधण ठेवून वर्तमानपत्र उघडलं आणि पाणी करपवलं. पाणी कसं करपेल, असं विचारणाऱ्यांना आमच्या सासूबाई ते भांडं आणून दाखवतात. त्यांनी ते खास जपून ठेवलंय. नातेवाईक जमले की ते भांडं हातोहात फिरतं आणि मी खिडकीबाहेर बघत बसतो.

या कलेत मी आणखी कितीतरी पुढे गेलो असतो, पण आमच्या हिचं नाक आडवं आलं. ही शाळेत शिकवते. आतल्या खोलीत दार लावून पेपर तपासत असली, तरी स्वयंपाकघरात दुधाने रंग बदलायच्या आधी तिचा आवाज यायचा, "अहो, काहीतरी करपतंय." न्हाणीघरातून यायचा, झोपेतून यायचा. एकदा ती खाली रस्त्यावर भाजीवाल्याशी बोलत होती आणि तिथून मान वर करून तिने हेच वाक्य सगळ्या इमारतीला ऐकवलं होतं. माझ्या संसाराचं हे पार्श्वसंगीतच म्हणा ना. मला त्याचा फार राग यायचा.

मग तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर होतं, वास मात्र एकही येईना. वास नाही म्हणून चवही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, पण कधी ते सांगता येत नाही. जरा तीव्र वास देत राहा. झालं. ही बातमी जिन्यावरून खाली-वर गेली आणि इमारतीतला प्रत्येक जण काही ना काही घेऊन हजर झाला. कोणी बाम आणला, कोणी अत्तर, कोणी बुटाचं पॉलिश. आमच्या खालच्या मजल्यावर बॉयलरसाहेब राहतात. कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले. त्यांनी बाटलीतून मशीनचं तेल आणलं. जो तो तिच्या नाकाखाली बाटली धरायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत विचारायचा, आला का? ती बिचारी प्रत्येकाला म्हणायची, नाही हो. शेवटी तिने दार लावून घेतलं आणि कोणाला भेटेनाशी झाली.

आमच्या घरात बोलण्याचीसुद्धा पंचाईत झाली. मी आयुष्यभर नाकासमोर चालणारा माणूस, पण हे सांगायचीही चोरी. बॉयलरसाहेब आपल्या घरात फार नाक खुपसतात, असं ही पूर्वी दिवसातून एकदा तरी म्हणायची. तेही बंद झालं. खरं सांगायचं तर तिचं सगळं बोलणंच आटत चाललं होतं. सूपमध्ये मी मीठ विसरलो, तरी ती गपचूप प्यायली. दुसऱ्या दिवशी मीठ दोनदा पडलं, तेही प्यायली. ज्या बाईने माझ्या चहात आजवर निदान एक चूक काढली नाही असा दिवस गेला नाही, ती समोर ठेवलेलं खाऊन ताटली उचलून निघून जायची. मला भीती वाटायला लागली.

एकदा जेवताना तिने मधेच चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "आमच्या चित्रकलेच्या बाईंकडे एकदा साल्सा खाल्ला होता. टोमॅटो भाजून केलेला. त्याचा तो धुराचा वास मला अजून आठवतो. बाकीचे वास विसरायला झालेत. तुमच्या शर्टाचासुद्धा."

त्याच क्षणी मी ठरवलं की साल्सा करायचा, आणि मीच करायचा.

चित्रकलेच्या बाईंना फोन केला. त्यांनी कृती लिहून पाठवली. टोमॅटो, कांदा, लसूण आणि मिरच्या मोठ्या आचेवर भाजायच्या, मग मीठ, लिंबू, कोथिंबीर घालून जाडसर वाटायचं. पुढे त्यांनी लिहिलं होतं, 'चांगले काळे डाग पडले पाहिजेत. घाबरू नका.' हे मी परत परत वाचलं. म्हणजे करपवणं ही जिथे चूक नसून पायरी आहे असा एक पदार्थ जगात आहे, आणि इतकी वर्षं मी तो सोडून बाकी सगळे करत बसलो होतो! माझा ऊर भरून आला. मी लगेच पिशवी घेऊन टोमॅटो आणायला निघालो.

आमच्याकडे ओव्हन आहे. मेहुण्याने दिलेला. तो आल्यापासून आमच्याकडे कपाटाचं काम करतो. जास्तीच्या कढया, साच्यांचे डबे, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेली झाकणं, सगळं त्याच्या पोटात. मी ते सगळं बाहेर काढलं, टोमॅटो मांडले आणि बटण फिरवलं. सगळं म्हणजे एक प्लास्टिकचं झाकण सोडून सगळं. ते मागच्या बाजूला वरच्या जाळीला चिकटून बसलं होतं.

प्लास्टिक वितळल्याचा वास कसा असतो ते मी सांगत नाही. वरच्या मजल्यावरचे लोक बादल्या घेऊन आले, खालचे नाकाला रुमाल लावून आले. बॉयलरसाहेबांनी जन्मभराच्या सवयीने आधी धावत जाऊन इमारतीच्या गॅसचा मुख्य कॉक बंद केला, वास्तविक आमचा ओव्हन विजेवर चालतो. सगळ्या इमारतीच्या चुली ऐन जेवणाच्या वेळी विझल्या. आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती, माणसं खोकत होती, डोळे पुसत होती, आणि ही आतल्या खोलीतून हातात लाल पेन घेऊन बाहेर आली. तिने सगळ्यांकडे पाहिलं.

"काय झालंय? सगळे का जमलेत?" तिने विचारलं.

बॉयलरसाहेब कधी गप्प बसल्याचं मी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. मी म्हटलं, काही नाही, टोमॅटो भाजत होतो. ती बरं म्हणाली आणि परत आत गेली. पाठोपाठ एकेक जण हळूच निघून गेला, जाताना कोणी मला बोललंसुद्धा नाही. मी खूप वेळ ते झाकण सुरीने खरवडत राहिलो.

बंद केलेला कॉक आपला आपण उघडायचा नाही, असा गॅसवाल्यांचा नियम निघाला. मी त्यांच्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या साहेबांनी विचारलं, गळती होती का? मी म्हटलं, नाही. आग लागली का? नाही. मग बंद का केला? मी झाकणाची हकीकत सांगितली. ते म्हणाले, असं कारण आमच्यात बसत नाही, तुम्ही गळती तरी म्हणा नाहीतर आग तरी म्हणा. मी गळती म्हटलं. मग गळती शोधायला माणूस आला. ती त्याला सापडेना, आणि सापडत नाही तोवर तो कॉक उघडेना. इमारतीने त्या दिवशी थंडच खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्याने एकदाची कागदावर गळती लिहून टाकली आणि कॉक उघडला. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला साल्सा झाला का असं विचारायला लागला, आणि त्या विचारण्यात चौकशीचा भाग कमी होता.

ही हकीकत ऐकून सासूबाई बॅग घेऊन आल्या. त्यांना लेकीची काळजी होतीच, पण स्वयंपाकघर माझ्या ताब्यात गेलंय याची जास्त होती. गॅस सुरू झाल्यावर मी शेगडीवर जाळी ठेवून टोमॅटो भाजायला घेतले. पहिला काळा ठिपका दिसला आणि सासूबाईंनी गॅस बंद केला. म्हणाल्या, करपतायत. मी त्यांना कृती वाचून दाखवली, घाबरू नका हेही वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. मी गॅस पेटवला. ठिपका आला, गॅस बंद. असं कितीतरी वेळा झालं. मी जरा चढ्या आवाजात बोललो, तेव्हा त्या ओशाळून म्हणाल्या, "मला पटतंय हो जावईबापू. पण हाताला पटत नाही."

मी लिंबू आणायला खाली गेलो, तेवढ्यात त्यांनी होते नव्हते ते डाग सुरीने खरवडून, सालं काढून, टोमॅटो नळाखाली स्वच्छ धुऊन ठेवले. रस गळून बर्नरची भोकं बुजली ती वेगळीच. मी तसाच साल्सा वाटला. लागत होता थंड टोमॅटो सूपसारखा. तरी वाटीत घालून हिच्यापुढे ठेवला आणि दाराशी उभा राहिलो. तिने एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "छान झालाय."

लग्न झाल्यापासून माझ्या हातच्या कशाला ती छान म्हणाली नव्हती. मी स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. रडू येत होतं, आणि सासूबाईंना ते दिसू द्यायचं नव्हतं.

बर्नर बघायला बॉयलरसाहेब आले. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि निदान केलं की गॅसच्या आचेत दमच नाही, आपल्याला धूर हवाय, धुराला कोळसा हवा. कोळशाची शेगडी त्यांच्याकडे माळ्यावर पडून होती. पेटवायची कुठे, तर गच्चीवर. आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे.

आमच्या सेक्रेटरींना सगळी इमारत नियमावली म्हणते, त्यांच्या माघारी. गच्चीवर त्यांनी नुकतंच वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं. तेव्हापासून तिथे कावळा बसला तरी त्यांना कसंतरी व्हायचं. मी त्यांना खालच्या पार्किंगमध्ये गाठलं आणि फार नम्रपणे म्हटलं, "रविवारी संध्याकाळी गच्चीवर साल्सा करायचा होता."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. विशेषतः पोटापाशी जरा थांबले. मग विचारलं, वहिनी आहेत का बरोबर? मी म्हटलं, नाही, तिची तब्येत बरी नाही, सासूबाई आहेत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "या वयात त्यांना झेपेल?" मी म्हटलं, झेपेल म्हणजे काय, त्यांना आवरावं लागतं. ते विचारात पडले. आवाज होईल का? मी म्हटलं, शेवटी शेवटी थोडा होईल. मला मिक्सर म्हणायचं होतं. नवीन वॉटरप्रूफिंगवर टाचांचे बूट चालणार नाहीत, असं त्यांनी बजावलं. सासूबाईंच्या सपाता अगदी सपाट आहेत, मी शब्द दिला. आणखी कोणाला यायचं असेल तर, असं त्यांनी जरा लाजतच विचारलं. मी मोठ्या मनाने म्हटलं, येऊ दे की, सगळ्यांना पुरेल. त्यांनी किल्ली दिली आणि माझा हातसुद्धा दाबला.

साल्सा नावाचा एक नाच असतो आणि तो जोडीने करतात, हे मला ठाऊक नव्हतं. साल्सा नावाचं काही खायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोघंही सुशिक्षित, दोघांचंही समाधान झालेलं. खाली फळ्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'रविवारी संध्याकाळी गच्चीवर साल्सा. इच्छुकांनी जोडीने यावे.' मी ते वाचलं आणि मला भरून आलं. ज्यांना माझ्यामुळे थंड खावं लागलं, तेच आता जोडीने खायला येणार होते. मी आणखी एक पिशवी टोमॅटो आणले.

रविवारी बॉयलरसाहेबांनी पत्र्यावर विटा, विटांवर शेगडी असा बंदोबस्त करून कोळसे फुलवले. मी सासूबाईंकडून सुरी काढून घेतली होती. त्या स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. ही खाली आमच्या घरात होती. वर चल असं मी म्हटलं होतं, पण गर्दीत सगळे नाकाकडेच बघतात, असं म्हणून ती पेपर घेऊन बसली. मी पहिले टोमॅटो जाळीवर मांडले आणि लोक यायला लागले.

दाताचे डॉक्टर चमकदार शर्ट घालून, बायकोसह, खांद्यावर स्पीकर घेऊन आले. कोपऱ्यावरचे शिंपीकाका आणि काकू आले, ते तर हातात हात घालून, आणि दोघंही कोणाकडे बघत नव्हते. आणखीही जोडपी आली. सगळे नटलेले. सगळे शेगडीकडे बघत उभे राहिले. डॉक्टरांनी विचारलं, शिकवणार कोण आहे? मी म्हटलं, मीच. त्यांचीही नजर माझ्या पोटापाशी थांबली. शिंपीकाकूंनी विचारलं, आधी पाय कुठला टाकायचा? मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, आधी आच धरू द्या, मग सांगतो.

तेवढ्यात नियमावली आले. स्वतः नवीन शर्टात, सपाट बुटांत. त्यांनी शेगडी पाहिली, तिच्याखालचं वॉटरप्रूफिंग पाहिलं आणि ते थरथरायला लागले. म्हणाले, परवानगी नाचाची दिली होती, आगीची नाही. कसला नाच, मी विचारलं. मग सगळं बाहेर आलं. लोक आधी थक्क झाले, मग जे हसत सुटले ते हसतच राहिले. मी नाचतोय असं चित्र मनात धरून तेवढे सगळे गच्चीवर चढले होते! मान वर करायची सोय उरली नाही.

नियमावली पाण्याची बादली आणायला धावले. बॉयलरसाहेब शेगडीपुढे हात पसरून उभे राहिले आणि आच कशी काबूत आहे ते समजावू लागले. त्यात सासूबाईंच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. त्या स्टुलावरून उठल्या आणि नियमावलींसमोर जाऊन त्यांनी विचारलं, या वयात झेपेल का म्हणजे काय? त्यांची हरकत नाचाला नव्हती, वयाला होती. नियमावली बादली धरून माफी मागत होते, पण ती नक्की कशाची मागायची ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मी या तिघांच्या मधे पडलो. इकडे डॉक्टरांनी नटून आलोच आहोत तर म्हणून स्पीकर लावला, आणि शिंपीकाका-काकू चक्क नाचायला लागले. येत होतं त्यांना. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

आणि टोमॅटोंकडे कोणीच बघत नव्हतं. सासूबाईंचा हातसुद्धा नव्हता तिथे. कांदे, मिरच्या, टोमॅटो सगळं मनसोक्त काळं होत गेलं, रस कोळशावर पडून चर्र होत होता आणि धुराचा लोटच्या लोट जिन्याच्या उघड्या दारातून खाली उतरत होता.

त्याच दारात ही येऊन उभी राहिली. पायात घरातल्या सपाता, हातात लाल पेन, जिना भराभर चढून आल्यामुळे धाप लागलेली. ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी स्पीकर बंद केला.

"अहो," ती म्हणाली, "काहीतरी करपतंय."

नियमावलींच्या हातात बादली तशीच राहिली. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"करपतंय म्हटलं. पार खालपर्यंत वास आलाय. नाक माझं गेलं होतं, तुमचे कान कधी गेले?"

आणि ती बोलता बोलता थांबली. तिचा हात आपोआप नाकाशी गेला. तिने डोळे मिटून लांब श्वास घेतला, मग अजून एक घेतला. सासूबाई मटकन स्टुलावर बसल्या. मी नुसता तिच्याकडे बघत उभा राहिलो, आणि या खेपेला रडू लपवायलासुद्धा विसरलो.

सगळ्यात आधी भानावर आले ते नियमावली. त्यांनी बादली हळूच खाली ठेवली आणि कोळशात अजून एक-दोन तुकडे टाकायला हरकत नाही, असं बॉयलरसाहेबांना सांगितलं.

साल्सा वाटला. डाग, सालं, सगळ्यासकट. एवढ्या माणसांसमोर मी वाटी तिच्या हातात दिली. तिने चाखला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, कडू झालाय, अर्धे टोमॅटो जाळलेत तुम्ही. मीठ कमी आहे. लिंबू पिळलं नाहीत ना? लसूण कच्चा राहिलाय. मी एकेक ऐकत होतो. असं कौतुक माझं जन्मात कोणी केलं नव्हतं. नंतर शिंपीकाकांनी सगळ्यांना पाय शिकवले. नियमावलींना सासूबाईंबरोबर नाचावं लागलं, आणि झेपलं नाही ते त्यांना.

सगळेच वास परत आलेत असं नाही. तिचे डॉक्टर म्हणतात, हळूहळू येतील. त्या रात्री जिना उतरताना ती एका पायरीवर थांबली, माझ्या खांद्याशी तोंड आणून तिने वास घेतला आणि म्हणाली, "शी, किती धुरकट वास येतोय. धुवायला टाका हा शर्ट."

तो शर्ट मी अजून धुवायला टाकलेला नाही. त्यावरून ती मला रोज बोलते.